पट्टेरी स्पायडर प्लांट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जूनमध्ये माझ्या बागेतली स्पायडर प्लांटची पिल्लं, म्हणजे लोंबत्या दांड्यांच्या टोकाला येणारी छोटी रोपं, शेजाऱ्यापाजाऱ्यांत, नातेवाइकांत आणि भिशीच्या गटात वाटली जातात. ऑगस्ट उजाडला की त्यांच्या तक्रारी परत येतात. टोकं करपली, पट्टे गेले, झाड बसलं, पिल्लंच येत नाहीत. फोनवर तेच तेच सांगून झालं, म्हणून आता सगळं एकदाच लिहून ठेवते. माझी बाग पुण्यात आहे. कोकणात किंवा विदर्भात जिथे वेगळं वागावं लागतं, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

हे झाड नक्की कोणतं? आमच्या नर्सरीवाल्याने याला ‘रिबन ग्रास’ म्हणून दिलं.

नर्सरीत याला स्पायडर, रिबन, कधी नुसतंच ‘गवत’ म्हणतात. गवताशी याचं काही नातं नाही. शास्त्रीय नाव क्लोरोफायटम कोमोसम. मूळ आफ्रिकेतलं, दक्षिण आफ्रिकेपासून वर उष्ण कटिबंधापर्यंतचं. बहुवर्षायू आहे, म्हणजे झेंडूसारखं हंगाम संपला की उपटायचं नाही. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं राहतं. गंमत नावात आहे. ग्रीक भाषेत क्लोरोफायटमचा अर्थ ‘हिरवं झाड’, आणि आपण ते विकत घेतो त्याच्या पांढऱ्या पट्ट्यासाठी.

ओळखायची खात्रीची खूण जमिनीखाली आहे. कुंडी उलटी करून पाहा, बोटाएवढी जाड, पांढरी, रसरशीत मुळं दिसतील. ती पाणी साठवतात.

याचे प्रकार किती? मला छोटं, आटोपशीर राहणारं हवं आहे.

इथे सहज मिळणारे तीन. पहिल्यात पानाच्या मधोमध पांढरा पट्टा आणि कडा हिरव्या, हा ‘विटाटम’. दुसऱ्यात उलट, मध्ये हिरवा आणि कडांना पांढरी किनार, हा ‘व्हेरिगेटम’. तिसरा कुरळ्या पानांचा ‘बॉनी’. पहिल्या दोघांची पानं फूट-दीड फूट लांब होऊन कमानीसारखी खाली झुकतात. बॉनीची पानं स्वतःभोवतीच वळतात, त्यामुळे झाड वीतभर उंचीत मावतं. खिडकीच्या जाळीत किंवा पायरीच्या कडेला ठेवायचं असेल तर बॉनीच घ्या.

आणखी एक छोटं, पांढऱ्या काठाचं क्लोरोफायटम नर्सरीत ‘लॅक्सम’ या नावाने मिळतं. ते वाफ्याच्या कडेला फार सुबक दिसतं, पण त्याला लोंबणारी पिल्लं येत नाहीत. गड्डा फोडूनच वाढवावं लागतं. घेताना नुसतं ‘स्पायडर’ म्हणून उचललंत तर पुढची दोन वर्षं पिल्लांची वाट पाहत बसाल.

मोठ्या जातीची पानं कात्रीने एका पातळीत छाटून झाड ‘आटोपशीर’ करू नका. छाटलेल्या प्रत्येक पानाचं टोक तपकिरी होतं आणि झाड न्हाव्याकडून रागाने उठून आल्यासारखं दिसतं.

ऊन किती लागतं? कोणी म्हणतं सावलीतलं झाड, कोणी म्हणतं उन्हाशिवाय पट्टे येत नाहीत.

दोघंही अर्धं खरं बोलतात. या झाडाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवली तर बाकीची बरीचशी आपोआप कळते. पानातला हिरवा भाग स्वयंपाक करतो आणि पांढरा भाग पंगतीला बसतो. पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतं, म्हणून तिथे अन्न तयार होत नाही. अर्ध्या पानाने केलेल्या स्वयंपाकावर सगळं पान जगतं. त्यामुळे संपूर्ण हिरव्या झाडापेक्षा याला उजेड जास्त लागतो. पण कडक ऊन सहन करण्याची ताकद पांढऱ्या भागात नसते. आधी तोच भाजतो.

म्हणून भरपूर उजेड आणि थोडं कोवळं ऊन हा मध्यम मार्ग. पूर्वेची खिडकी किंवा गॅलरी उत्तम, सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन चालतं. जमिनीत लावायचं तर आंबा, चिकू अशा झाडाची विरळ सावली जिथे पडते तिथे लावा. मी पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये पश्चिमेच्या भिंतीलगत वीस रोपांची ओळ लावली होती. भिंत दिवसभर तापायची आणि संध्याकाळपर्यंत धग सोडायची. मे संपेपर्यंत पांढरे पट्टे कागदासारखे वाळले. मुळं जिवंत होती म्हणून पावसात सगळी परत फुटली, पण दोन महिने त्या भिंतीकडे बघवत नव्हतं.

नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा मार्च ते जून झाड हिरव्या जाळीखाली किंवा थेट घरात घ्यावं. काळोख्या कोपऱ्यातही ते मरत नाही, पण पानं लांबट, मिळमिळीत होतात आणि पट्टा हिरवट पडतो.

टोकं तपकिरी होतात. पाणी कमी पडतंय का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि जवळजवळ प्रत्येकाने आधी पाणी वाढवून झाड आणखी बिघडवलेलं असतं. कोरड्या हवेनं टोकं जातात हे खरं, पण नेहमीचा गुन्हेगार पाणी ‘किती’ यापेक्षा पाणी ‘कोणतं’ हा असतो. स्पायडर प्लांटला फ्लोराइड आणि क्षार सोसत नाहीत. मुळांनी ओढलेलं पाणी पानाच्या टोकापर्यंत जातं, तिथे उडून जातं आणि क्षार मागे राहतात. साठत साठत टोक जळतं. जड बोअरच्या पाण्यावर हे हमखास होतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही भागांतल्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यावर टोकं कितीही सांभाळली तरी जाणार.

आता आपल्याकडची खास चूक. आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक ते बादलीत धरतात आणि कुंड्यांना घालतात. हेतू चांगला, पण यंत्राने तुमच्या पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्याच बादलीत उतरलेले असतात. त्या पाण्याने फरशी पुसा, गाडी धुवा. स्पायडरला घालू नका.

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र चालतं, कारण ती हवेतली वाफ थंड होऊन झालेली असते, क्षार नसतात. पावसाचं पाणी त्याहून चांगलं. मी पावसाळ्यात पिंपभर साठवते आणि दिवाळीपर्यंत पुरवते. झाकण घट्ट असू द्या, नाहीतर डासांची पैदास होईल.

दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडी मोरीत ठेवून वरून भरपूर साधं पाणी सोडा आणि खालून पूर्ण वाहू द्या. साठलेले क्षार धुतले जातात. करपलेली टोकं कापायची असतील तर पानाच्या आकाराप्रमाणे तिरकी कापा, आणि तपकिरी भागाचा केसभर काठ राखून. हिरव्यात कापलंत तर तिथे नवी तपकिरी रेघ येते.

मग पाणी किती आणि कधी?

बोट मातीत पेरभर घाला. कोरडं लागलं तर घाला, ओलं लागलं तर उद्या बघा. उन्हाळ्यात एक-दोन दिवसाआड, थंडीत आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. जाड मुळं आहेत म्हणून चार-पाच दिवस गावाला गेलात तर काही बिघडत नाही. मेलेलं स्पायडर मी क्वचितच तहानेने मेलेलं पाहिलंय. बहुतेक वेळा कोणीतरी प्रेमाने बुडवलेलं असतं.

माती कशी असावी? आमच्याकडे काळी माती आहे.

काळी माती पावसाळ्यात चिखल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. त्या मातीत सरळ खड्डा करून लावू नका. वाफा चार-सहा इंच उंच करा, त्यात जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा आणि कुजलेलं शेणखत मिसळा. दोन रोपांत फूटभर अंतर पुरे, वर्षात ओळ भरून येते.

कुंडीसाठी माझं मिश्रण: दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि वाळू मिळून, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोन पाण्यांतून धुऊन घ्या. कोकोपीटच्या काही विटांमध्ये मीठ बरंच असतं आणि त्याचा राग परत टोकांवरच निघतो.

कोकणात जांभ्याची माती असेल तर निचऱ्याची काळजी कमी, खताची जास्त.

खत?

जून ते फेब्रुवारी दर दोन महिन्यांनी एक मूठ गांडूळखत. पुरे. जास्त नत्र दिलंत तर पानं हिरवीगार, लुसलुशीत होतील आणि पिल्लं येणं लांबेल.

पावसात मधला गाभा सडला. काय चुकलं?

बहुधा रोप खोल लावलं गेलं, किंवा पाऊस सुरू होताना मुळाशी आच्छादन रचलं गेलं. सगळी पानं जिथून निघतात तो गाभा मातीच्या पातळीच्या जरा वरच हवा. त्याच्या भोवती पाणी तुंबलं की तो कुजतो आणि पानं ओढली की हातात येतात. कोकणात आणि मावळात पावसाळाभर कुंड्या पागोळ्यांपासून लांब ठेवा. पत्र्याची धार गाभ्यात पडली तर आठवडाभरात खेळ खलास.

तरी झाड फेकू नका. सडका भाग कापा, मुळं पाण्याने धुऊन घ्या, घट्ट आणि पांढरी राहिली असतील तर दोन दिवस सावलीत सुकवून कोरडसर मिश्रणात लावा. तीनात दोन परत फुटतात, हा माझ्या बागेतला हिशेब.

पिल्लं येत नाहीत. शेजारणीच्या झाडाला तर झुंबर लागलंय.

चार गोष्टी तपासा. झाड वर्षाच्या आतलं असेल तर थांबा. कुंडी फार मोठी असेल तर ते आधी मुळं भरण्यात वेळ घालवतं. उजेड कमी असेल तर वाढवा. आणि चौथी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: दिवस लहान होऊ लागले की हे झाड दांड्या जास्त सोडतं. पुण्यात जूनमधला दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरातला अकरा. गॅलरीत रात्रभर ट्यूबलाइट जळत असेल किंवा रस्त्यावरचा दिवा थेट कुंडीवर येत असेल, तर झाडाला दिवस लहान झालाच नाही असं वाटत राहतं. कुंडी दोन हात आत सरकवून पाहा.

दांडीवर आधी छोटी, सहा पाकळ्यांची पांढरी फुलं येतात, मग टोकाशी पिल्लं. जर्मन कवी गटे वनस्पतींचाही अभ्यासक होता आणि या लोंबत्या पिल्लांचं त्याला भारी कौतुक होतं. त्याने वायमारच्या घरी हे झाड वाढवलं होतं. म्हणजे पिल्लं वाटण्याचा आमचा छंद बराच जुना आहे.

पिल्लू वेगळं कसं करायचं?

पिल्लाच्या बुडाशी छोटे गाठीसारखे कोंब दिसू लागले की ते तयार. सोपी पद्धत: आईच्या कुंडीशेजारी छोटी कुंडी ठेवा, पिल्लू तिच्यात टेकवा, केसाच्या पिनेने किंवा वाकवलेल्या तारेने दाबून ठेवा आणि दांडी तीन-चार आठवडे कापू नका. मुळं धरली की कापा. पाण्याच्या ग्लासातही मुळं सुटतात आणि मुलांना बघायला मजा येते. पण पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, त्यांना फार लांब होऊ देऊ नका.

पुण्यात मी हे काम जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात करते. हवा दमट असते, रोप मान टाकत नाही.

जुना गड्डा फोडायचा तर कुंडी आडवी करून ठोका, गड्डा उभा कापा आणि प्रत्येक तुकड्याला पानं आणि मुळं दोन्ही असू द्या. मुळं इतकी ताकदवान असतात की प्लॅस्टिकची कुंडी फुगलेली किंवा तडकलेली दिसते. तेच फोडणीचं आमंत्रण समजा.

बी पेरून पट्टेरी झाड मिळेल का?

नाही. पट्टा हा दोन प्रकारच्या पेशींच्या थरांचा मामला आहे, एक थर हरितद्रव्याचा आणि एक त्याविना. पिल्लात किंवा फोडलेल्या गड्ड्यात दोन्ही थर जसेच्या तसे जातात. बी मात्र एकाच थरातून तयार होतं, त्यामुळे रोप साधं हिरवं निघतं, किंवा पांढरं निघून आठवड्यात संपतं. ऑनलाइन कोणी ‘पट्टेरी स्पायडरचं बी’ विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

एका बाजूने सगळी पानं हिरवीच येऊ लागली आहेत.

तो फुटवा मुळापासून काढा आणि आजच काढा. हिरवा फुटवा पूर्ण पानाने स्वयंपाक करतो, म्हणून जोमाने वाढतो, आणि दोन हंगामांत पट्टेरी भागाला दाबून टाकतो. काढलेला फुटवा वेगळ्या कुंडीत लावलात तर कणखर हिरवं स्पायडर मिळतं. अंधाऱ्या जिन्यासाठी मी तेच वापरते.

कीड कोणती लागते?

पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसतात आणि मुंग्यांची ये-जा सुरू होते. थोडे असतील तर जुन्या टूथब्रशने घासून धुवा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि दोन-चार थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. भर उन्हात फवारलंत तर पांढरे पट्टे भाजतील.

पावसाळ्यात गोगलगायी. मोठी आफ्रिकन गोगलगाय एका रात्रीत वाफ्याची रया घालवते. बॅटरी आणि चिमटा घेऊन रात्री नऊनंतर फेरी मारा, वेचा, मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ वाफ्यात शिंपडू नका, माती बिघडते. घरात कुत्रं असेल तर विषारी गोळ्यांच्या वाटेलाही जाऊ नका.

मांजर सारखी पानं चावते. विषारी आहे का?

मांजर आणि कुत्रा दोघांनाही विषारी नाही. फार खाल्लं तर उलटी होईल. झाड टांगा, म्हणजे झाडही वाचेल.

हे झाड घरातली हवा शुद्ध करतं ना?

या दाव्याचं मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी झालेल्या प्रयोगांत आहे. 1984 साली शास्त्रज्ञ वूल्व्हर्टन आणि सहकाऱ्यांनी बंद पेटीत ठेवलेल्या स्पायडर प्लांटने फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू कमी केल्याचं दाखवलं, आणि 1989 मध्ये अनेक झाडांवरचा अहवाल आला. प्रयोग खरा, पण पेटी बंद होती. आपल्या घरात दारं-खिडक्या असतात. 2019 साली कमिंग्स आणि वॉरिंग या संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र तपासले. त्यांच्या हिशेबाने नेहमीच्या हवा खेळण्याइतका फरक पाडायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. तेवढी झाडं ठेवलीत तर सोफा बाहेर काढावा लागेल. ‘एअर प्युरिफायर प्लांट’ अशी चिठ्ठी लावून तेच रोप दुप्पट भावात विकणारे दिसले की चिठ्ठीचे पैसे आपण देतोय एवढं लक्षात असू द्या. खिडकी उघडणं फुकट आहे.

याची मुळं सफेद मुसळीसारखी दिसतात. तीच का? आणि पानांची भाजी होते का?

नातं आहे, आणि जवळचं आहे. सफेद मुसळी म्हणजे क्लोरोफायटम बोरिविलियानम, याच कुळीतली बहीण. ‘बोरिविलियानम’ आलं आपल्या मुंबईच्या बोरिवलीवरून. 1950 च्या दशकात सेंट झेवियर्स कॉलेजचे वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी हे नाव दिलं. लोकलच्या स्टेशनाचं नाव वनस्पतीला मिळालेलं पाहून मला दर वेळी हसू येतं.

पहिल्या पावसानंतर ठाणे-पालघरच्या बाजारांत आदिवासी बाया ज्या गवतासारख्या जुड्या घेऊन बसतात, ती फोडशी किंवा कुलूची भाजीसुद्धा क्लोरोफायटमच. मधला पांढरा, कडक दांडा काढून टाकायचा, पानं चार पाण्यांतून धुऊन बारीक चिरायची, कांदा-मिरची आणि भिजवलेली डाळ घालून परतायची. पावसाळ्याची सुरुवात मला त्या भाजीशिवाय झाल्यासारखी वाटत नाही.

पण म्हणून कुंडीतलं स्पायडर कढईत घालू नका. ती जात वेगळी, तिची मुळं मुसळीच्या जागी चालत नाहीत, आणि नर्सरीच्या रोपावर काय काय फवारलेलं असतं याचा पत्ता नसतो. फोडशी हवी तर जाणत्या बाईकडून विकत घ्या, रानातून स्वतः ओळखून उपटायच्या भानगडीत पडू नका.

थंडीत बाहेर ठेवलं तर चालेल?

पुणे-मुंबईत खुशाल. निफाडसारख्या ठिकाणी पारा अगदी खाली जातो तेव्हा वाढ थांबते, पानं निस्तेज होतात. दहिवर गोठण्याइतकी थंडी पडली तर पानं काळी पडतील, रात्री आत घ्या किंवा जुन्या साडीने झाका.

मुलीकडे लंडनला पिल्लू घेऊन जाऊ का?

रोगमुक्ततेच्या सरकारी दाखल्याशिवाय रोप नेता येत नाही आणि विमानतळावर ते काढून घेतील. तिथे हे अगदी स्वस्त मिळतं, बऱ्याचदा कोणी फुकटही देतं. तिला फक्त एवढं सांगा की हिवाळ्यात हीटरच्या अगदी वर ठेवू नकोस.

एक पिल्लू पूर्ण पांढरं आलं आहे, हिरव्याचा ठिपकाही नाही. फार सुंदर दिसतं. वेगळं लावू का?

लावू नका. त्याच्यात स्वयंपाक करणारं कोणीच नाही. कापलंत की साठवलेलं संपेपर्यंत टिकेल, मग वितळल्यासारखं जाईल. मी दोनदा मोह आवरला नाही आणि दोन्ही वेळा तीन आठवड्यांत कुंडी रिकामी झाली. आईला जोडलेलं असेपर्यंत मात्र दांडीतून त्याला सगळं पोचतं. मागच्या ऑक्टोबरात तिसरं आलं, ते तसंच लोंबत ठेवलंय. पाहुणे विचारतात, हे का नाही काढलं म्हणून.